गुहागर-विजापूर रस्ता आणि आपल्या पाण्याचा हिशेब
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात बोलायला उभे राहिले की एखादे पीक, एखादी कीड किंवा एखादे खत हा विषय असतो. आज मी तसे काही बोलणार नाही. आज एका रस्त्याविषयी बोलणार आहे. अरबी समुद्राच्या काठावरील गुहागरपासून निघून चिपळूण, पाटण, कऱ्हाड, कडेगाव, विटा, नागज, जत या गावांवरून थेट विजापूरला जाणारा हा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या दारावरून जातो. कित्येक वर्षे तो राज्यमार्ग क्रमांक ७८ म्हणून ओळखला जात होता. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग १६६-ई असा क्रमांक मिळाला आहे. क्रमांक बदलला, डांबराच्या जागी बऱ्याच ठिकाणी काँक्रीट आले, पण आपण बोलताना अजूनही 'गुहागर-विजापूर रोड' असेच म्हणतो.

शेतीच्या मेळाव्यात रस्त्याचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे. पाऊस, जमीन आणि पीक यांचे नाते पुस्तकातून शिकवायला मला चार तास लागतील. तेच या रस्त्याने एसटीच्या खिडकीशी बसून एक दिवस प्रवास केला, तर डोळ्यांनी दिसते. शिवाय या रस्त्याच्या इतिहासात आपल्या पाण्याच्या प्रश्नाची गाठ बांधलेली आहे. ती गाठ उलगडून सांगावी, एवढाच आजचा हेतू आहे.

समुद्रापासून घाटापर्यंत

गुहागरला रस्ता सुरू होतो तेव्हा दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. थोडे वर चढलो की जांभ्या दगडाचा कातळ लागतो. कातळाच्या फटीत माती धरून उभी राहिलेली आंबा आणि काजूची झाडे, आणि सखल जागी भाताची खाचरे. मार्गताम्हाने मागे टाकून आपण चिपळूणला येतो. येथे मुंबई-गोवा महामार्ग ओलांडावा लागतो.

चिपळूण हे आज आपल्याला बाजारपेठ म्हणून माहीत आहे. पण रेल्वे येण्यापूर्वी ते देशावरच्या मालाचे बंदर होते. वाशिष्ठी नदीच्या खाडीतून गलबते गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत. खाडीच्या मुखाशी असलेले दाभोळ तर मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरील नावाजलेले बंदर होते. देशावरून गूळ, तंबाखू, मिरची, तेल, कापूस असा माल बैलांच्या पाठीवर लादून कुंभार्ली घाटाने खाली उतरत असे. परत जाताना त्याच बैलांवर मीठ, नारळ, सुकी मासळी, खजूर आणि कापड चढत असे. मीठ नसेल तर देशावरची भाकरी अळणी, आणि गूळ-मिरची नसेल तर कोकणचे जेवण अपुरे. म्हणजे हा रस्ता कोणा राजाच्या हुकमाने आखला गेला नाही. दोन प्रदेशांत जे पिकत होते त्यातील फरकाने तो पडला.

पुढे ब्रिटिश अमलात एकोणिसाव्या शतकात घाटातील पायवाटेची गाडीवाट झाली. लादलेल्या बैलांच्या जागी बैलगाड्या आल्या. मात्र १८८० च्या दशकात पुण्याहून सातारा जिल्ह्यातून मिरजेकडे जाणारी रेल्वे झाली, आणि देशावरचा माल रेल्वेने जाऊ लागला. चिपळूणच्या बंदराचा व्यापार ओसरला. गाडीवाट तीच राहिली, पण तिच्यावरची वर्दळ आटली. रस्ता असला म्हणजे बाजार असतोच असे नाही, हा पहिला धडा या रस्त्याने शंभर वर्षांपूर्वीच दिला आहे.

एक वाहतूक मात्र थांबली नाही. भातकापणी संपली की देशावरचे धनगर मेंढरांचे कळप घेऊन घाट उतरतात. कोकणातील शेतकरी रिकाम्या खाचरात मेंढरे बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात आणि मेंढरांना चारा मिळतो. देशावरच्या कोरड्या हवेतील जनावर आणि कोकणातील ओली जमीन यांचा हा जुना सौदा आहे. त्याला कोणतीही सरकारी योजना लागली नाही.

घाटमाथा : जेथे पाणी दोन वाटांनी जाते

चिपळूण सोडले की शिरगाव, पोफळी करत रस्ता कुंभार्ली घाट चढू लागतो. घाट चढून हेळवाक आणि कोयनानगरला आलो की आपण महाराष्ट्रातील सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यात असतो. कोयनानगर, नवजा या भागात वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढा पाऊस पडूनही येथील डोंगरउतारावर माती टिकत नाही. म्हणून येथील शेतकरी वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि सपाट तुकड्यात भात एवढ्यावर भागवत आला.

घाटमाथ्यावर उभे राहून एक गोष्ट ध्यानात घ्या. माथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब वाशिष्ठीतून तासाभराच्या वाटेवरच्या अरबी समुद्रात जातो. माथ्याच्या पूर्वेला पडलेला थेंब कोयनेत येतो, कऱ्हाडला कृष्णेला मिळतो आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. निसर्गाने केलेली ही वाटणी. १९५० च्या दशकात माणसाने ती बदलायला घेतली.

कोयना धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले आणि १९६० च्या दशकात ते पूर्ण झाले. धरणाची उंची १०३ मीटर आहे आणि शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. पूर्वेला वाहणारे हे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवले, सह्याद्रीच्या कड्यातून साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले आणि त्यावर वीज तयार केली. पोफळीहून निघालेले पाणी पुढे कोळकेवाडीच्या वीजगृहातून वाशिष्ठीला मिळते. चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला छेद देण्याचे अवघड काम मार्च १९९९ मध्ये आणि दुसऱ्यांदा एप्रिल २०१२ मध्ये पार पडले. चारही टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता १,९०० मेगावॉटच्या वर गेली. पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

आकडा लक्षात ठेवा, पुढे हिशेबाला लागेल.

या विजेवर महाराष्ट्रातील कारखाने चालले आणि गावोगाव दिवे लागले. त्याची किंमतही याच रस्त्याच्या कडेच्या लोकांनी मोजली. धरणाखाली गेलेल्या गावांतील शेतकरी निरनिराळ्या जिल्ह्यांत पांगले. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षे उलटून गेल्यावरही पुरते मिटलेले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि हजारो घरे पडली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर घसरून माणसे गाडली गेली. त्याच दिवसांत घाटाखाली चिपळूण शहर पुरात बुडाले. तेव्हा आपल्या घरातील दिव्याचे बटण दाबताना घाटमाथ्यावरच्या या बांधवांची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

कोयनाकाठ ते कऱ्हाड

कोयनानगरहून पुढे रस्ता नदीच्या सोबतीने चालतो. पाटण, नवारस्ता, मल्हारपेठ अशी गावे मागे पडतात. दर दहा-पंधरा किलोमीटरला पाऊस कमी होतो आणि जमिनीचा रंग बदलतो. तांबडी माती जाऊन करडी येते, करडी जाऊन काळी येते. भाताची खाचरे विरळ होतात, भुईमूग आणि सोयाबीन दिसू लागते. मल्हारपेठच्या पुढे ऊस हटत नाही.

कऱ्हाड हे फार जुने गाव. प्राचीन लेखांत त्याचे नाव करहाटक असे येते. जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. लेणी बहुधा व्यापारी वाटांच्या जवळ कोरली जात. यावरून ही वाट किती जुनी असेल याची कल्पना येते. कृष्णा आणि कोयना यांचा प्रीतिसंगम याच ठिकाणी आहे आणि संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्रे गावी झाला. ते गाव याच पट्ट्यातील, आजच्या कडेगाव तालुक्यातील. दुष्काळी गावात जन्मलेला मुलगा पाण्याच्या काठी शिकला आणि पुढे राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला.

कऱ्हाडजवळ पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. पण दोन नद्यांचे पाणी आणि खोल काळी जमीन यांमुळे येथे ऊस रुजला, साखर कारखाने निघाले. कऱ्हाडच्या शेतकऱ्याने उसावर संसार उभा केला, मुले शिकवली, हे खरे आहे. त्याबद्दल कोणाला आकस असू नये.

सुर्ली घाटापलीकडे

कऱ्हाडहून विट्याच्या रस्त्याला लागलो की ओगलेवाडी येते. आपल्या वाडवडिलांच्या घरातील प्रभाकर कंदील येथल्याच कारखान्यात तयार होत असे. पुढे सदाशिवगड मागे टाकून रस्ता सुर्ली घाट चढतो. कुंभार्लीच्या मानाने हा घाट लहान. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो तेवढाच महत्त्वाचा आहे, कारण या घाटाने नदीकाठचा मुलूख संपतो आणि अवर्षणाचा मुलूख सुरू होतो.

कडेगाव, विटा, नागज, जत. पाऊस सातशेवरून साडेपाचशेवर येतो आणि जतला पाचशेच्या आसपास. तोही वेळेवर पडेल असे नाही. काही वर्षी निम्माच पडतो. जमीन मुरमाड, उथळ. कोठे ओढ्याकाठी काळीची पट्टी. कोयनानगरपासून जतपर्यंत रस्त्याने पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर होतात. एवढ्या अंतरात पाऊस दहापट कमी होतो. जगात फार थोड्या ठिकाणी एका दिवसाच्या प्रवासात असे पाहायला मिळेल.

या मुलखाने पाण्यावाचून जगण्याच्या वाटा शोधल्या. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव या भागातील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली. भारतातील बहुतेक मोठ्या सराफ बाजारात या भागातील माणूस भेटतो. जतने माडग्याळ जातीची मेंढी जपली, खिलार बैल जपले. शाळू आणि बाजरी ही येथली हक्काची पिके. पुढे डाळिंब आणि द्राक्षे आली. मुरमाड जमीन आणि कोरडी हवा डाळिंबाला मानवते, हे येथील शेतकऱ्याने स्वतः पिकवून दाखवले.

दुष्काळाने या भागाला आणखी एक गोष्ट दिली. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 'मागेल त्याला काम' हा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याच विचारावर राज्यभर कामे निघाली आणि पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडील कित्येक रस्त्यांची खडी त्या काळात शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी भर उन्हात बसून फोडलेली आहे. आज आपण त्या रस्त्यांवरून मोटारसायकल पळवतो तेव्हा खाली कोणाचा घाम आहे हे विसरू नये.

पाणी आले, पण किती?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कऱ्हाडच्या खाली कृष्णेवर टेंभू येथे बंधारा घालून, पंपाने पाच टप्प्यांत पाणी उचलून या अवर्षणग्रस्त भागाला देण्याची योजना १९९० च्या दशकात सुरू झाली. कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, सांगोला या तालुक्यांना तिचा लाभ ठरलेला होता. जत आणि त्यापलीकडच्या भागासाठी मिरजेजवळील म्हैसाळ येथून दुसरी उपसा योजना झाली. पाणी यायला वर्षे लागली. आंदोलने झाली, परिषदा झाल्या. पण अखेर ज्या शिवारात माणसे टँकरची वाट पाहत होती, तेथे पाट वाहू लागला.

येथे रस्त्याचे आणि पाण्याचे वर्तुळ पूर्ण होते. कोयनेचे काही पाणी पश्चिमेला उतरते आणि वीज देते. काही पाणी पूर्वेला कऱ्हाडला येते. तेच पाणी टेंभूला पंपाने उचलावे लागते आणि त्या पंपांना वीज लागते. म्हणजे घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग खाली उतरून ताकद देतो आणि दुसरा भाग तसल्याच ताकदीने वर चढवला जातो. तुमच्या शेतात आलेले उपशाचे पाणी हे ओढ्याचे पाणी नव्हे. त्याच्या प्रत्येक लिटरमागे कोणीतरी विजेचे बिल भरलेले आहे.

आता हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

एक हेक्टर जमिनीवर एक सेंटिमीटर उंचीचे पाणी उभे केले तर ते एक लाख लिटर होते. सुरू उसाला वर्षभरात २०० ते २५० सेंटिमीटर पाणी लागते. विटा-कडेगावच्या पावसाचे ४० ते ५० सेंटिमीटर वजा करा. तरी मोकाट पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला किमान दीडशे सेंटिमीटर ओलितातून द्यावे लागते. म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर.

एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. मग एका टीएमसीत किती ऊस भिजला? वाटेतील गळती अजिबात न धरता सुमारे १,९०० हेक्टर. तेच पाणी रब्बी ज्वारीला प्रत्येकी आठ सेंटिमीटरच्या तीन पाळ्या याप्रमाणे दिले, तर साडेअकरा हजारांवर हेक्टर ज्वारी भिजते. एका उसाच्या रानात सहा ज्वारीची राने बसतात.

आता टेंभू योजनेचा मूळ आराखडा पाहा. सुमारे २२ टीएमसी पाणी आणि सुमारे ८० हजार हेक्टर क्षेत्र. भागाकार करा. हेक्टरी ७७ ते ७८ सेंटिमीटर पाणी येते. तेही पाटातील गळती, बाष्पीभवन धरून. म्हणजे ही योजना आखली तेव्हाच ती पाटपाण्यावरच्या उसासाठी नव्हती. ती बाजरी, ज्वारी, हरभरा, कडधान्ये, डाळिंब, द्राक्षे यांच्यासाठी होती. आज सुर्ली घाट उतरून कडेगावकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. सर्वांनीच मोकाट पाण्याचा ऊस करायचा म्हटला, तर निम्म्या क्षेत्राला पाणी पोचणे शक्य नाही. आणि ते निम्मे क्षेत्र कोणाचे? नेहमी शेवटच्या गावाचे.

२०२२ साली जतच्या पूर्व भागातील गावे पाण्यासाठी पुन्हा संतप्त झाली. शेजारच्या राज्यात जाण्याची भाषाही तेथे ऐकू आली. त्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेची कामे हाती घेण्यात आली. योजना नवी येईल, बजेटही येईल. परंतु वरच्या शेतकऱ्याने पाणी घेण्याची पद्धत बदलली नाही, तर कितीही योजना आल्या तरी शेवटचे गाव शेवटचेच राहील.

आपण काय करावे?

शेतकरी बंधूंनो, अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण मुलीच्या लग्नात म्हणतो. पिकाच्या बाबतीत ते विसरतो. म्हणून काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कोकणातील बांधवांसाठी. चिपळूण-गुहागरला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात. पावसाळा संपताच ओढ्या-वहाळांवर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घाला. गावाने एका दिवसात श्रमदान केले तर एक बंधारा होतो. काजू-आंब्याच्या नव्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी मिळाले, तर मर कमी होते. झाडाच्या आळ्यात गवताचे आच्छादन करा.

दुसरी गोष्ट पाटण आणि घाटमाथ्यासाठी. डोंगरउतारावर उभी नांगरट करू नका. आडवी मशागत, बांधबंदिस्ती, उतारावर गवताचे पट्टे आणि फळझाडे ठेवा. डोंगर पोखरून घर किंवा रस्ता करण्यापूर्वी पाण्याची वाट कोठून जाते ते पाहा. २०२१ चा धडा अजून ताजा आहे.

तिसरी गोष्ट कऱ्हाडसारख्या नदीकाठच्या भागासाठी. तुमच्याकडे पाणी आहे. पण वाफसा नसताना पाणी देत राहिल्याने नदीकाठच्या कितीतरी जमिनी खारवट, चोपण झाल्या. ऊस करा, पण पट्टा पद्धतीने लावा, ठिबक बसवा आणि पाचट जाळू नका. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर पाण्याच्या पाळ्या कमी लागतात आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. ठिबकाने उसाला लागणारे पाणी चाळीस टक्क्यांपर्यंत वाचू शकते. तुम्ही वाचवलेले पाणी टेंभूच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, हे विसरू नका.

चौथी गोष्ट कडेगावपासून जतपर्यंतच्या बांधवांसाठी. उपशाच्या पाण्यावर ऊस करायचाच असेल तर ठिबकाशिवाय करू नका आणि एकूण क्षेत्राच्या एका लहान हिश्श्यापुरताच ठेवा. पाण्याचा ताण सोसणारी को ८६०३२ सारखी जात निवडा. रब्बी ज्वारीचे क्षेत्र मोडू नका. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा किंवा फुले रेवती या जाती आहेत. कडबा हा तुमच्या गोठ्याचा आधार आहे. डाळिंबाचा बहार आपल्या पाण्याच्या पाळीशी जुळवून धरा. शेजाऱ्याने आंबेबहार धरला म्हणून आपणही धरला आणि एप्रिलमध्ये पाळी चुकली, तर बाग हातची जाते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट सर्वांसाठी. पाण्याचा नियम गावाने गावात ठरवावा. याला या पट्ट्यातच एक मोठे उदाहरण आहे. कडेगाव आणि विट्याच्या दरम्यान रस्ता येरळा नदी ओलांडतो. याच येरळेवर खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण बांधले. नदीतील वाळूचा लिलाव ठेकेदारांच्या घशात जात होता. गावकऱ्यांनी ती वाळू स्वतः विकण्याचा हक्क मागितला आणि त्या पैशातून, लोकांच्या देणग्या आणि श्रमदान जोडून धरण उभे केले. पण मला धरणाच्या भिंतीपेक्षा त्यांचा नियम मोठा वाटतो. पाणी जमिनीच्या मापाने नाही, कुटुंबाच्या मापाने वाटायचे; भूमिहीनालाही वाटा द्यायचा; आणि या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात याच धर्तीचे नियम केले होते. हे नियम करणारी माणसे तुमच्या-माझ्यासारखीच शेतकरी होती. त्यांनाही उसाचे पैसे दिसत होते. तरी त्यांनी शेजाऱ्याच्या रानाचा विचार केला.

रस्ता जोडतो, पाण्यानेही जोडावे

बंधू आणि भगिनींनो, पूर्वी या रस्त्याने मीठ वर येत असे आणि गूळ खाली जात असे. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती म्हणून रस्ता टिकला. आज मीठ दुकानात मिळते आणि गूळही मिळतो. आता आपल्याला एकमेकांची गरज पाण्यासाठी आहे. घाटमाथ्यावरच्या माणसाने डोंगर सांभाळला तर कोयनेत गाळ कमी येईल. कऱ्हाडच्या माणसाने पाणी वाचवले तर ते टेंभूला येईल. कडेगाव-विट्याच्या माणसाने ज्वारी आणि डाळिंब राखले तर आटपाडी, सांगोल्याकडे पाणी सरकेल. म्हैसाळच्या पाटावरील वरच्या माणसाने हात आखडता घेतला तर जतच्या शेवटच्या गावात एक पाळी जास्त मिळेल.

पुढच्या वेळी या रस्त्याने प्रवास कराल तेव्हा खिडकीतून बाहेर बघा. कोठे पाऊस संपतो, कोठे माती बदलते, कोठे ऊस सुरू होतो, कोठे तो संपायला हवा होता आणि संपलेला नाही, हे तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. घरी आल्यावर आपल्या रानाचे एक टिपण करा : माझ्याकडे पाऊस किती, पाटाच्या पाळ्या किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, आणि या सर्वांत माझे पीक बसते का? हा कागद खरिपाच्या पेरणीपूर्वी तयार ठेवा आणि तो घेऊन आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांशी बोला.